‘ऊन लागले’ म्हणण्यापूर्वी: रक्तातले कमी सोडियम आणि मेंदूच्या शिरेतील गुठळी

नागपुरात नवतपा सुरू झाला की घराघरांत एक निदान तयारच असते. भर दुपारी सीताबर्डीहून घरी आलेल्या माणसाचे डोके दुखू लागले, दोन उलट्या झाल्या, तो थोडे असंबद्ध बोलू लागला, की घरातले वडीलधारे म्हणतात, ‘याला ऊन लागलं.’ ज्या शहरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंश सेल्सिअसवर गेला होता, तिथे हा अंदाज अनेकदा बरोबरही ठरतो. परंतु नेमकी हीच तीन लक्षणे घेऊन येणारे आणखी दोन आजार आहेत. एकात रक्तातले सोडियम घसरते, तर दुसऱ्यात मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. दोन्हींमध्ये पन्हे, ताक आणि ओल्या फडक्याच्या पट्ट्या यांच्या भरवशावर दोन दिवस काढणे महागात पडू शकते.

हे दोन आजार एकाच लेखात घेण्याचे कारण असे, की ते कधी कधी एकाच रुग्णात सापडतात आणि तेव्हा नातेवाइकांची फसगत होते. रक्ताच्या अहवालात सोडियम 122 दिसते, कोणीतरी ‘मीठ कमी झालं होतं’ असे सांगते आणि सर्वांना उत्तर सापडल्यासारखे वाटते. मात्र कमी सोडियम हे पुष्कळदा उत्तर नसून पुढचा प्रश्न असतो. ते का कमी झाले, हे विचारायचे राहून गेले तर खरा आजार मागे लपून राहतो.

सोडियम कमी म्हणजे अंगातले मीठ संपले असे नव्हे

आपल्या रक्तात एका लिटरमागे साधारण 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असते. हे एकक लक्षात ठेवण्याची गरज नाही, आकडा लक्षात ठेवावा. तो 135 च्या खाली गेला की डॉक्टर त्या स्थितीला ‘हायपोनॅट्रेमिया’ म्हणतात. 125 च्या खाली गेला तर ती स्थिती तीव्र समजली जाते.

हा आकडा अंगातल्या एकूण मिठाचा नाही. तो मीठ आणि पाणी यांच्या प्रमाणाचा आहे. वरणात मीठ बरोबर पडले असताना ऐन वेळी पाहुणे वाढले आणि भांड्यात दोन तांबे पाणी ओतले, तर मीठ तेवढेच असूनही वरण अळणी लागते. सोडियम कमी असलेल्या बहुतेक रुग्णांत असेच घडलेले असते, म्हणजे मिठाच्या मानाने पाणी जास्त झालेले असते. कधी मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. कधी हृदय किंवा यकृताच्या आजारात पाणी अंगात साचते. कधी जुलाब-उलट्यांतून मीठ आणि पाणी दोन्ही जातात आणि भरपाई मात्र नुसत्या पाण्याने होते.

वयस्क माणसांत सर्वाधिक दुर्लक्षिले जाणारे कारण औषधांच्या डब्यात असते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, ज्यांना लोक ‘पाण्याची गोळी’ म्हणतात, विशेषतः हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड, लघवीवाटे सोडियम बाहेर टाकतात. नैराश्यावरची काही औषधे आणि फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे कार्बामाझेपिनही सोडियम खाली आणू शकतात. आजी चार दिवसांपासून गोंधळल्यासारख्या वागत आहेत, चालताना तोल जातो आहे, दोनदा पडल्या, तर ‘आता वय झालं’ असे म्हणण्याआधी त्यांच्या गोळ्या पाहाव्यात आणि ‘सिरम इलेक्ट्रोलाइट्स’ ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. मात्र गोळी मनाने बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा आहे. मधुमेह असेल तर साखरही त्याच वेळी तपासावी, कारण रक्तातली साखर खूप वाढली की ती पेशींतले पाणी रक्तात ओढते आणि सोडियमचा आकडा तेवढ्यापुरता खाली दिसतो.

याचा त्रास मेंदूलाच आधी का होतो?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, आणि मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. पाणी नेहमी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जाते, एवढाच हा नियम आहे. रक्त अळणी झाले की पाणी पेशींमध्ये शिरते आणि पेशी फुगू लागतात.

हातापायाचे स्नायू थोडे फुगले तर बिघडत नाही, कारण त्यांना पसरायला जागा असते. मेंदू मात्र कवटीच्या हाडात बंद आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात गच्च हरभरे भरून त्यात पाणी ओतले तर रात्रभरात आत जो दाब तयार होईल, त्याची कल्पना करावी. डोकेदुखी, मळमळ, उलटी, सुस्ती, गोंधळ, पुढे फिट आणि बेशुद्धी हा क्रम त्या दाबातून येतो.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. सोडियम हळूहळू घसरत असेल तर मेंदूच्या पेशी एक-दोन दिवसांत आपल्या आतले पोटॅशियम आणि इतर काही पदार्थ बाहेर टाकून स्वतःचा फुगवटा कमी करतात. म्हणूनच 118 सोडियम असलेला एखादा रुग्ण खुर्चीत बसून बोलताना दिसतो, तर काही तासांत 140 वरून 124 वर आलेल्या दुसऱ्याला फिट येते. आकडा किती आहे याइतकेच तो किती वेगाने खाली आला हेही पाहावे लागते.

‘पण उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, असे तर सगळेच सांगतात’

ते बरोबरच सांगतात. पाणी पिणे थांबवावे असा या लेखाचा अर्थ कोणी कृपया काढू नये. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. त्यामुळे नुसता घाम गेल्याने सोडियम घसरत नाही, उलट थोडे वाढते. अडचण येते ती घामातून गेलेल्या मिठाची भरपाई न करता केवळ साधे पाणी, तेही तहान भागल्यानंतर ढसाढसा, पीत राहिल्याने. निरोगी मूत्रपिंडे तासाला फार तर 800 मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि उष्णता, वेदना किंवा मळमळ असेल तर ही क्षमता आणखी घटते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा 13 टक्क्यांचे सोडियम कमी निघाले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे घामाने गेले त्याहून जास्त पाणी ज्यांनी प्यायले होते, त्यांना हा धोका अधिक होता. धावणारे तरणेबांड लोक पाण्याने आजारी पडू शकतात, हे अनेकांना तोवर खरे वाटत नव्हते.

आपल्याकडचे मीठ घातलेले पन्हे आणि ताक या दृष्टीने शहाणपणाचे पदार्थ आहेत. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये 75 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम आणि तेवढेच ग्लुकोज असते, कारण आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. एक पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळावी. अर्धी पुडी तांब्याभर पाण्यात टाकण्याची सवय चुकीची आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र ‘सोडियम कमी होईल’ या भीतीने रोजच्या जेवणात मीठ वाढवू नये. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हा सल्ला त्यांच्यासाठी कायम आहे.

‘मग सलाईनमधून एकदम भरून का काढत नाहीत?’

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. तीन दिवस झाले, सोडियम अजून 124 च आहे, डॉक्टर टाळाटाळ करत आहेत, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. मेंदूच्या पेशींनी स्वतःतले पदार्थ बाहेर टाकून जुळवून घेतलेले असताना रक्त एकाएकी खारट केले, तर त्या पेशींतले पाणी वेगाने बाहेर ओढले जाते, आणि मज्जातंतूंवरचे आवरण, विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते तसे, सोलून निघते. याचा परिणाम लगेच दिसत नाही. रुग्ण आधी सुधारतो आणि दोन ते सहा दिवसांनी त्याचे बोलणे, गिळणे, हातपाय हलवणे बिघडते. हे नुकसान कायमचे असू शकते. दारूचे व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार किंवा पोटॅशियम कमी असलेल्यांना हा धोका जास्त असतो.

म्हणून सोडियम 24 तासांत साधारणपणे 8 ते 10 अंकांहून अधिक वाढू द्यायचे नाही, असा दंडक आहे. फिट येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर 3 टक्क्यांचे तीव्र खारे सलाईन थोड्या मात्रेत लगेच दिले जाते. सोडियम 4 ते 6 अंक वर आले तरी जिवावरचा धोका बहुधा टळतो. त्यानंतर मात्र संयमच ठेवावा लागतो. जो डॉक्टर दर काही तासांनी रक्त तपासून सावकाश पुढे जातो, तो काळजीपूर्वक काम करतो आहे असे समजावे.

मेंदूचा नाला तुंबतो तेव्हा

आता दुसरा आजार. पक्षाघात म्हटले की आपल्या मनात धमनी बंद झाल्याचे चित्र येते, म्हणजे मेंदूला रक्त पोहोचवणारा नळ बंद झाला. परंतु पोहोचवलेले रक्त परतही जावे लागते, आणि ते काम शिरांचे असते. मेंदूतल्या शिरा कवटीच्या आतल्या मोठ्या वाहिन्यांना मिळतात. त्यांतली एक डोक्याच्या मध्यरेषेवरून कपाळाकडून मागे जाते आणि पुढे दोन्ही कानांमागून वळून मानेतल्या शिरांना मिळते. या मार्गात गुठळी झाली तर त्या आजाराला डॉक्टर ‘सीव्हीटी’ म्हणतात.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट ज्यांनी नागपुरात अनुभवली त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. रात्रभराच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या पात्रात पाणी मावेना आणि काठच्या वस्त्यांतल्या घरांत ते शिरले. पाणी पुढे जायला वाव नसला की ते मागे फिरते. मेंदूत तेच होते. परतीची वाट बंद झाल्यामुळे रक्त मागे तुंबते, बारीक शिरांमधला दाब वाढतो, त्यांतून पाणी झिरपून मेंदूला सूज येते, आणि दाब फारच वाढला तर त्या शिरा फुटून रक्तस्रावही होतो. शिवाय मेंदूभोवतीचे पाणी याच वाहिन्यांतून शोषले जात असल्याने तेही साचते.

हा पूर हळूहळू चढतो. धमनीचा पक्षाघात एका क्षणात येतो. सीव्हीटीमध्ये मात्र डोकेदुखी अनेकदा काही दिवस वाढत राहते, आडवे झाल्यावर, खोकल्यावर किंवा कुंथल्यावर अधिक ठणकते, नेहमीच्या गोळीने थांबत नाही, नजर धूसर होते, कधी एकाचे दोन दिसतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील 624 रुग्णांच्या अभ्यासात दहापैकी जवळपास नऊ जणांना डोकेदुखी होती आणि सुमारे 40 टक्क्यांना फिट आली होती. तरुण वय, नवीन आणि वाढती डोकेदुखी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आलेली फिट, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर वाट पाहू नये.

ही गुठळी कोणाला होते?

रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून तीन कारणे सांगितली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. आपल्या घरांतल्या काही रीती या तिन्हींच्या वाटेत कशा येतात, हे मला इथे स्पष्ट लिहावेसे वाटते.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हा निसर्गतःच रक्त लवकर गोठण्याचा काळ असतो. प्रसूतीत फार रक्त जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. अशा वेळी ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, पोट सुटते’ असे सांगून तिला शेगडी पेटवलेल्या बंद खोलीत ठेवणे, तेही मे महिन्यात, म्हणजे आधीच गोठू पाहणारे रक्त आणखी घट्ट करणे होय. हे सांगणाऱ्या आजी-सासूंच्या मायेबद्दल शंका नाही, पण ही रीत थांबायला हवी. बाळंतिणीला तहानेप्रमाणे पाणी मिळालेच पाहिजे. आणि तिची डोकेदुखी ‘जागरणाची’ किंवा ‘कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनची’ म्हणून परस्पर निकाली काढू नये. त्या इंजेक्शननंतरची डोकेदुखी सहसा उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते. ती आडवे झाल्यावरही राहू लागली, किंवा तिचा स्वभावच बदलला, तर तपासणी हवी.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो, हे पक्के ठाऊक आहे. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या सणात किंवा घरच्या कार्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. अशा गोळ्यांनंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याचे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. एकेका स्त्रीचा धोका लहान असतो, हे खरे. परंतु जिला अर्धशिशी आहे, जिच्या घरात कोणाला गुठळ्या झाल्या आहेत, किंवा जी त्या दिवसांत निर्जळी उपवासही करणार आहे, तिने डॉक्टरांना न विचारता ही गोळी घेऊ नये.

हा बायकांचाच आजार आहे असेही समजू नये. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 428 रुग्णांच्या नोंदीत निम्म्याहून थोडे अधिक पुरुष होते. दारू, रक्तक्षय, आणि रक्तातला होमोसिस्टीन नावाचा घटक वाढणे ही त्यांतली ठळक कारणे होती. शुद्ध शाकाहारी माणसांत बी-12 जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टीन वाढते. कान किंवा सायनसचा जुना संसर्ग, कर्करोग आणि जन्मजात रक्तदोष हीदेखील कारणे आहेत.

‘सीटी स्कॅन तर नॉर्मल आला होता’

साधा सीटी स्कॅन सीव्हीटी असलेल्या अनेक रुग्णांत नॉर्मल दिसू शकतो, कारण त्यात शिरांचा मार्ग उलगडून दिसत नाही. त्यासाठी एमआरआयसोबत ‘एमआर व्हेनोग्राफी’ किंवा रंगद्रव्य देऊन केलेली सीटी व्हेनोग्राफी लागते. ‘शिरांचीही तपासणी करायची गरज वाटते का?’ असा एक प्रश्न नातेवाइकांनी नम्रपणे विचारण्यात काहीच गैर नाही. डॉक्टरांना तो राग आणणारा वाटू नये, अशी माझी अपेक्षा आहे.

दोन्ही एकत्र आले तर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उन्हात पाणी आणि मीठ दोन्ही गेलेला माणूस एकीकडे रक्त घट्ट झाल्यामुळे गुठळीच्या वाटेवर असतो, आणि दुसरीकडे केवळ साध्या पाण्याने भरपाई केल्यामुळे त्याचे सोडियम घसरलेले असते. पण उलटही घडते. शिरेतल्या गुठळीमुळे मेंदूवर ताण आला की व्हॅसोप्रेसिन नावाचा संप्रेरक जास्त स्रवतो, तो मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतो आणि सोडियम खाली जाते. सततची मळमळसुद्धा हाच संप्रेरक वाढवते. काही रुग्णांत याहून वेगळे होते: मेंदूच्या आजारामुळे मूत्रपिंडे मीठ आणि पाणी दोन्ही सोडून देऊ लागतात. आणि गुठळीमुळे आलेल्या फिटसाठी कार्बामाझेपिन दिले गेले असेल तर आकडा घसरायला ते तिसरे कारण पुरते.

उपचारांची कसोटी इथेच लागते. पाणी साचून सोडियम घसरले असेल तर नेहमीचा उपाय पाणी कमी देणे हा आहे. अशा रुग्णाला साधे सलाईन देत राहिल्यास कधी सोडियम आणखी खाली जाते. मीठ आणि पाणी दोन्ही निसटत असतील तर उपाय बरोबर उलटा, म्हणजे सलाईन देणे. आणि सीव्हीटीच्या रुग्णाचे पाणी सरसकट तोडले तर रक्त घट्ट होऊन गुठळी वाढू शकते. म्हणजे अहवालातला आकडा एकच, आणि एका रुग्णासाठी योग्य ठरलेला उपाय दुसऱ्यासाठी घातक. त्यामुळेच डॉक्टर लघवीतले सोडियम तपासतात, किती पाणी आत गेले आणि किती बाहेर आले याचा हिशेब ठेवतात. लघवी मोजायला सांगितली की अनेक घरांतले लोक कंटाळा करतात. पण या आजारात त्या मापट्यावर पुढचे औषध ठरते. सोडियम 135 वर आल्यावरही डोकेदुखी तशीच राहिली, तर मीठ हे कारण नव्हते असे मानून पुढे शोध घ्यावाच लागतो.

‘मेंदूत रक्तस्राव झाला आहे आणि तुम्ही रक्त पातळ करणार?’

हे ऐकून कोणाचेही काळीज हलेल. परंतु सीव्हीटीतला रक्तस्राव तुंबलेल्या पाण्याने भिंत फुटावी तसा असतो, आणि नाला मोकळा केल्याशिवाय भिंतीवरचा दाब उतरत नाही. म्हणून रक्तस्राव दिसत असतानाही हेपारिन हे रक्त न गोठू देणारे औषध दिले जाते. जगभर हीच पद्धत आहे. त्यानंतर सहसा 3 ते 12 महिने गोळ्या घ्याव्या लागतात. वॉरफरिन ही गोळी असेल तर ‘आयएनआर’ ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी वेळच्या वेळी करून तो आकडा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवावा लागतो.

2024 मध्ये ब्रिटनमधल्या न्यायालयीन कागदपत्रांच्या बातम्यांनंतर अनेकांनी कोविशिल्डबद्दल विचारले. त्या लसीनंतर क्वचित प्रसंगी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी होऊन मेंदूच्या शिरांत गुठळ्या झाल्या, हे 2021 पासून ज्ञात आहे. मात्र तो त्रास लस घेतल्यानंतर साधारण 4 ते 42 दिवसांत दिसत असे. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीमुळे आज गुठळी होईल, ही भीती मनातून काढून टाकावी.

रुग्णालयात जाताना

अंग भट्टीसारखे तापले असेल, तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि माणूस गोंधळला असेल, तर तो उष्माघात समजून आधी अंगावर पाणी आणि वारा घालत थंड करावे आणि त्याच वेळी रुग्णालयाकडे निघावे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी किंवा पन्हे ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. सोबत सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत, पाळीच्या गोळ्यांचे पाकीटही, लाज न बाळगता. बाळंतपण किती दिवसांपूर्वी झाले, डोकेदुखी कोणत्या दिवशी सुरू झाली, किती पाणी प्यायले, हे लिहून न्यावे.

वेळेवर उपचार मिळाले तर सीव्हीटीतून बरे होणाऱ्यांचे प्रमाण चांगले आहे. वर उल्लेखलेल्या 624 रुग्णांपैकी सुमारे पाचांतले चार पूर्णपणे, किंवा किरकोळ त्रास उरून, बरे झाले. सुमारे 8 टक्के दगावले. ज्या स्त्रीला एकदा हा आजार झाला आहे तिने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या पुन्हा घेऊ नयेत. पण तिला पुढे मूल होऊ देऊ नये, असे जे घरात परस्पर ठरवले जाते ते चुकीचे आहे: पुढच्या गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हेपारिनची इंजेक्शने देऊन धोका कमी ठेवता येतो, फक्त गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना भेटून तसे ठरवून घ्यावे लागते.